तुरीवर शून्य, साखरेवर शंभर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे पुस्तक लिहिले. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे फार मोठे नगर आहे, अशी नोंद त्यात आहे. तिथले साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोचच्या बंदरावर जाई आणि तिथून समुद्रमार्गे पश्चिमेला. हे तगर म्हणजे तेरणाकाठचे आजचे तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडलेली मूर्ती यांतले साम्य अभ्यासकांनी कधीच नोंदवले आहे. धाराशिव जिल्ह्याला आपण मागास, दुष्काळी, कोपऱ्यातला म्हणतो. पण जगाच्या बाजाराशी त्याचे नाते दोन हजार वर्षांचे आहे. त्या काळी इथून बाहेर जात होता तो पावसावर येणारा कापूस आणि विणकरांचे कसब. आज त्याच तेरणेच्या आणि मांजरेच्या खोऱ्यातून साखर जाते. कापड गेले तरी तेरच्या विहिरींची पातळी खाली जात नव्हती. साखर जाते तेव्हा ती जाते.

आंतरराष्ट्रीय व्यापार आणि पर्यावरण यांची चर्चा बहुधा कार्बन, वितळणारे हिमनग, ॲमेझॉनचे जंगल आणि परदेशातल्या परिषदा यांच्याभोवती फिरते. धाराशिवसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. दिल्लीत एखाद्या शेतमालाचे आयातशुल्क किती ठेवायचे, निर्यातीला अनुदान द्यायचे की बंदी घालायची, हे ठरते तेव्हा कळंबच्या किंवा परांड्याच्या शिवारात कोणते पीक उभे राहील आणि तिथल्या पाण्याचे काय होईल, हेही ठरत असते. सीमाशुल्काची अधिसूचना हा आपल्याकडचा सर्वांत प्रभावी आणि सर्वांत दुर्लक्षित पर्यावरणविषयक निर्णय आहे, कारण तो घेताना पाण्याचा हिशेब कोणीही मांडत नाही. तो मांडला पाहिजे, आणि मांडल्यावर त्याप्रमाणे धोरण बदलले पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

पोत्यातले पाणी

आधी जमिनीखालचे पाहू. बालाघाटच्या डोंगररांगांनी हा जिल्हा गोदावरी आणि भीमा अशा दोन खोऱ्यांत विभागला आहे. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. पश्चिमेला भूम-परांड्याकडे त्याहून कमी. खाली काळा बेसॉल्ट खडक. हा खडक पाणी धरतो ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात, म्हणजे अगदी थोडे. गंगेच्या मैदानातल्या गाळासारखा खोल साठा इथे नाही. म्हणून इथली विहीर पावसाळ्यात काठोकाठ भरते आणि मार्चमध्ये तळ दाखवते, आणि म्हणूनच शेजारच्या शेतात अधिक खोल बोअर घेतला की आपली विहीर आटते. अशा भूमीत मोकळ्या पाटाने भिजवलेल्या उसाला हंगामात दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, पडणाऱ्या पावसाच्या जवळपास तिप्पट. उरलेले सगळे धरणातून किंवा जमिनीच्या पोटातून उपसायचे. २०१९ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी शासनाला अहवाल दिला. एक हेक्टर उसाला सुमारे १९६ लाख लिटर पाणी लागते, असे त्यात सांगून मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखान्यांवर बंदी घालण्याची शिफारस केली होती. त्याआधी केंद्राच्या कृषिखर्च व मूल्य आयोगाने नोंदवले होते की, महाराष्ट्रात उसाखाली पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमीन आहे, पण सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी तो घेतो.

हे आकडे मोठे आहेत, म्हणून ते एका पोत्याच्या मापात आणू. एक किलो साखरेमागे साधारण १,५०० ते २,००० लिटर पाणी लागते, असे आपल्याकडचे अधिकृत अंदाज आहेत. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यामागे ७५ हजार ते एक लाख लिटर. उन्हाळ्यात गावाला पाणी देणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर एका पोत्यात सात ते दहा टँकर बसतात. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरवले आहे. त्या मापाने चार माणसांच्या घराला वर्षभराला सुमारे ८० हजार लिटर लागतात. थोडक्यात, एका कुटुंबाचे वर्षभराचे पिण्या-वापरण्याचे पाणी म्हणजे साखरेचे एक पोते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, मांजरा धरण कोरडे पडले, ते याच खोऱ्यात.

आता व्यापाराचे धोरण पाहू. २६ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने साखर उद्योगासाठी साडेपाच हजार कोटींहून अधिक रकमेचे पॅकेज मंजूर केले. देशात साखरेचे साठे वाढले होते, ५० लाख टन साखर बाहेर काढायची होती. त्यासाठी बंदरापर्यंतच्या वाहतुकीचे अनुदान ठरले: किनारपट्टीच्या राज्यांत बंदरापासून १०० किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांना टनाला १,००० रुपये, त्यापलीकडच्यांना २,५०० रुपये. धाराशिवचे कारखाने दुसऱ्या गटात मोडतात. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत या जिल्ह्यातले तालुके होते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे होते. पण ते शेजारी ठेवले की दिसते ते असे: ज्या पोत्यात एका घराचे वर्षाचे पाणी आहे, ते पोते देशाबाहेर जावे म्हणून सरकार पोत्यामागे १२५ रुपये देत होते, आणि त्याच मुलुखात टँकरच्या खेपांसाठीही सरकारच पैसे मोजत होते. पुढच्या, २०१९-२० च्या हंगामात निर्यातीचे साहाय्य टनाला १०,४४८ रुपयांवर गेले, म्हणजे पोत्यामागे पाचशेहून अधिक रुपये. २०२१-२२ मध्ये जागतिक भाव चढे असल्याने अनुदानाची गरज उरली नाही आणि भारतातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. त्या हंगामात महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन उत्पादन करून उत्तर प्रदेशला मागे टाकले होते.

या साखरेची स्पर्धा कोणाशी होती, हेही पाहण्यासारखे आहे. जगाच्या बाजारात साखरेचा सर्वांत मोठा विक्रेता ब्राझील. तिथल्या साओ पावलो पट्ट्यातला ऊस बहुतांशी पावसावर येतो. तिथे पाऊस इथल्या दुप्पट आहे. म्हणजे त्यांच्या आभाळाशी आपण आपल्या बोअरने स्पर्धा करत होतो. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी तिथल्या पॅनेलने भारताच्या विरोधात निकाल दिला. भारताने अपील केले. पण अपिलाचे मंडळ सदस्यांअभावी डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प असल्याने प्रकरण तिथेच थांबले. या वादाचा विषय होता अनुदानाची मर्यादा आणि बाजारभावाची मोडतोड. मांजरा-तेरणेच्या पाण्याचे काय झाले, हा प्रश्न वादी देशांचा नव्हता, प्रतिवादी भारताचाही नव्हता. ज्याचे नुकसान सर्वांत खोलवर झाले, तो या खटल्यात पक्षकारच नव्हता.

दोन पिके, दोन दरवाजे

कोणी म्हणेल, ऊस हा शेतकऱ्याचा हट्ट आहे, त्यात व्यापारधोरणाचा काय दोष? हा आरोप अन्याय्य आहे. शेतकरी हिशेबी असतो आणि धोरणाने त्याच्यापुढे दोन पिके अगदी वेगवेगळ्या अटींवर ठेवली आहेत. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला भाव आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते वारंवार मोडते, पण त्यासाठी भांडायला कायद्याचा आधार तरी आहे. साखरेला कारखान्याच्या दारात किमान विक्री दर आहे. आणि फेब्रुवारी २०१८ पासून परदेशी साखरेवर १०० टक्के आयातशुल्क आहे. बाहेरची साखर आत येऊ शकत नाही, आतली जास्त झाली की बाहेर काढण्याची सोय होते किंवा तिचे इथेनॉल होते. एवढा संरक्षित दुसरा शेतमाल देशात क्वचितच सापडेल.

आता तूर. याच मातीतले, पावसावर येणारे, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारे, खोल मुळाने ओल शोधणारे पीक. तिला हमीभाव जाहीर होतो, पण तो देणारा खरेदीदार दरवर्षी असेलच असे नाही. मे २०२१ मध्ये तुरीच्या आयातीवरची परिमाणाची मर्यादा उठली. मार्च २०२३ मध्ये उरलेले १० टक्के शुल्कही गेले आणि या शुल्कमाफीला पुढे मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळत राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्कमुक्त झाला आणि हरभऱ्यालाही त्याची झळ लागली. २०२४-२५ मध्ये देशाची एकूण कडधान्य आयात ७० लाख टनांच्या वर गेली. सोयाबीनची गोष्ट वेगळी नाही. जिल्ह्याच्या खरिपाचा आज मुख्य आधार सोयाबीन आहे, पण त्याचा भाव ठरतो इंडोनेशियाच्या पामतेलावर आणि अर्जेंटिनाच्या सोयातेलावर. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलाचे शुल्क वाढवले, मे २०२५ अखेर कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. मधल्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव कागदावर राहिला आणि बाजार समित्यांत सोयाबीन त्याखाली विकले गेले. एका बाजूला १०० टक्क्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला सताड उघडा दरवाजा. ज्याच्या विहिरीला थोडेही पाणी आहे, तो भिंतीच्या आडोशाला जाणार. त्याने ऊस लावला तर तो शहाणपणाने वागला, असेच म्हणावे लागेल. हे शहाणपण सगळ्या गावाला कोरडे पाडते, तो दोष त्याच्यापुढे ठेवलेल्या अटींचा आहे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो वजनदार आहे. लंडनचे भूगोलतज्ज्ञ जॉन अँथनी ॲलन यांनी शेतमालात दडलेल्या पाण्याची, म्हणजे आभासी पाण्याची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. कोरड्या देशांनी धान्य आयात केले तर ते पाणीच आयात करतात आणि त्यांच्या नद्यांवरचा ताण हलका होतो, हे त्यांनी पश्चिम आशियाच्या उदाहरणाने दाखवले. मग मोझांबिक आणि म्यानमारची तूर आणल्याने आपलेही पाणी वाचत नाही का? उत्तरासाठी पाण्यातला एक भेद लक्षात घ्यावा लागतो. पावसाची जी ओल मातीत मुरून थेट पिकाच्या मुळाशी जाते, ती उपसून दुसरीकडे नेता येत नाही. तूर बहुतांशी त्या ओलीवर वाढते. तूर पेरली नाही म्हणून धरणात पाणी साठत नाही; ती ओल तण पिते किंवा उन्हाने उडून जाते. ऊस जे पितो ते धरणाचे आणि भूजलाचे पाणी असते, जे पिण्याला, जनावरांना, रब्बीच्या ज्वारीला देता आले असते. तूर आयात करून आपण जे वाचवले ते वाचवण्यासारखे नव्हतेच, आणि साखर निर्यात करून घालवले ते मात्र परत न येणारे होते. ॲलन यांचा सिद्धान्त खरा आहे; आपण तो उलटा वापरला. व्यापार पाणी वाचवू शकतो, पण त्यासाठी तुटीच्या खोऱ्यातून पाणीखाऊ माल बाहेर जाता कामा नये, ही किमान अट आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. भारतातली बहुतेक साखर भारतातच खाल्ली जाते, उसाला दिलेल्या पाण्यातले काही मुरून परत येते. मग निर्यातीवर एवढा रोष का? परत मुरणाऱ्या पाण्याची बाब खरी आहे, म्हणूनच वरचे आकडे अंदाज म्हणून घ्यावेत. पण ते निम्मे धरले तरी चार-पाच टँकर एका पोत्यात राहतात. आणि निर्यातीचे महत्त्व तिच्या टक्केवारीपुरते नसते. साठे वाढले की साखरेचा भाव पडतो, कारखाने उसाची बिले थकवतात आणि पुढच्या वर्षी लागवड कमी होते. बाजार आपला लगाम अशा रीतीने ओढतो. निर्यातीचे साहाय्य हा लगाम सैल करते. ऑक्टोबर २०२३ पासून निर्यात जवळपास थांबली आणि जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची परवानगी मिळाली, तरी लगाम पुन्हा घट्ट झाला नाही, कारण आता तीच वाट इथेनॉलने धरली आहे. इथेनॉलसुद्धा परकीय व्यापाराचीच दुसरी बाजू आहे: आयात होणारे खनिज तेल वाचावे म्हणून आपण ते करतो. परकीय चलन वाचते हे खरे. पण ज्या खोऱ्यात पाण्याची तूट आहे, तिथे तेलाची आयात टाळण्यासाठी भूजल जाळणे हा सौदा धाराशिवच्या तोट्याचा आहे.

तिसरा आक्षेप ग्राहकाचा. डाळ महागली तर गरिबाच्या ताटातली प्रथिने जातात, म्हणून शून्य शुल्क. ही चिंता खोटी मुळीच नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली, तेव्हा देशभर हाल झाले. पण पुढे काय झाले तेही आठवले पाहिजे. वाढलेला भाव पाहून मराठवाड्याने भरभरून तूर पेरली, २०१६-१७ मध्ये विक्रमी पीक आले, आयातही चालूच राहिली, भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला आणि खरेदी केंद्रांसमोर बारदान्याची वाट पाहत ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. ज्याने त्या वर्षी तोटा सोसला, त्याने पुढे सोयाबीन किंवा पाणी असेल तर ऊस धरला. तूर कमी झाली की पुन्हा महागाई, पुन्हा आयात. ग्राहकाला खरोखर स्वस्त डाळ हवी असेल, तर ती सातत्याने पिकवणारा शेतकरी टिकला पाहिजे. टंचाईच्या काही महिन्यांसाठी शुल्क उतरवणे आणि वर्षानुवर्षे ते शून्यावर ठेवणे, यांत फार अंतर आहे.

चौथा आक्षेप आपल्या देशाच्या सार्वभौमत्वाचा आहे. पर्यावरणाच्या अटी हे श्रीमंत देशांचे लपवलेले जकातनाके आहेत, अशी भारताची जुनी तक्रार आहे आणि तिला अनुभवाचा आधार आहे. समुद्री कासवांच्या संरक्षणासाठी अमेरिकेने कोळंबीच्या आयातीवर घातलेल्या अटींविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड यांनी लढा दिला. १९९८ च्या निकालात अपील मंडळाने कासवांचे रक्षण हा हेतू रास्त ठरवला, पण अमेरिकेने तो भेदभावाने राबवला असे सांगितले. युरोपीय संघाचा २०२३ चा जंगलतोडविरोधी कायदा सोयाबीनलाही लागू होतो आणि त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली जात असली तरी छोट्या शेतकऱ्यांच्या कागदपत्रांचा बोजा त्यात दिसतोच. महाराष्ट्राच्या द्राक्षांनी हे आधीच सोसले आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपात कंटेनर अडले, बागायतदार कर्जात गेले. पण त्यातून औषधांच्या नोंदी, प्रयोगशाळेतल्या तपासण्या आणि बागेपर्यंत माग काढण्याची पद्धत पक्की झाली, हेही तितकेच खरे. तरी युरोपच्या खरेदीदाराने मण्यात औषध किती उरले ते तपासले. बागायतदाराच्या विहिरीत पाणी किती उरले, ते तपासण्याचे त्याला कारण नव्हते. ते आपल्याला आहे. परक्यांच्या अटी अन्याय्य वाटत असतील, तर आपल्या पाण्याच्या अटी आपणच आधी लिहिल्या पाहिजेत. स्वतःच्या नदीचा हिशेब ठेवणे म्हणजे कोणापुढे वाकणे नव्हे.

शेवटचा आक्षेप अलीकडचा आहे आणि तो शेतातून येतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने भूम, परांडा परिसराची दैना केली. सीनेच्या पुराने माती खरवडून नेली, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात कुजले. ऊस त्या मानाने तगून राहतो, मग शेतकऱ्याने जुगार का खेळावा? हा प्रश्न टाळता येणार नाही. पण एका पिकाच्या जागी दुसरे एकच पीक हे उत्तर नव्हे. ज्या जिल्ह्यात एका वर्षी कोरडा दुष्काळ आणि दुसऱ्या वर्षी महापूर, तिथे तूर, ज्वारी, हरभरा, करडई, कडबा आणि त्यावर जगणारी उस्मानाबादी शेळी अशी विभागलेली शेतीच धोका वाटून घेते. ती परवडण्यासारखी करणे हे धोरणाचे काम आहे.

काय करता येईल

उपाय अशक्यप्राय नाहीत. साखर निर्यातीचा कोटा आज कारखान्याच्या मागच्या तीन हंगामांच्या उत्पादनावर वाटला जातो. या वाटपात खोऱ्यातल्या पाण्याच्या उपलब्धतेचा निकष आला पाहिजे आणि तुटीच्या खोऱ्यातल्या उसाचे इथेनॉलही त्याच निकषाखाली आले पाहिजे. तुरीचे आणि खाद्यतेलाचे शुल्क हमीभावाशी बांधले पाहिजे: बाहेरचा माल हमीभावाखाली देशात उतरू नये इतके शुल्क, आणि ते पेरणीआधी जाहीर. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांना ठिबक सक्तीचे करण्याची तरतूद आहे आणि २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय शिवारात उतरला पाहिजे. कृष्णा खोऱ्यातले पाणी उचलून मराठवाड्यात आणण्याच्या योजनेतून पहिल्या टप्प्यात सात टीएमसी मिळायचे आहे. पिकांची शिस्त न ठरवता ते आणले, तर तेही साखरेच्या पोत्यांत बसून बंदराकडे निघेल.

आणि जागतिक व्यापार संघटनेत भारताने नवी भूमिका घ्यावी. तिच्या १९९४ च्या स्थापना करारातच शाश्वत विकासाचा आणि पर्यावरण जपण्याचा उल्लेख आहे. २०२२ मध्ये मासेमारीच्या घातक अनुदानांवर करार झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी तो अमलात आला. एखाद्या अनुदानाने निसर्गाचा साठा संपतो का, हा प्रश्न त्या व्यासपीठावर विचारता येतो, हे त्याने सिद्ध केले. हाच प्रश्न भूजलाबद्दल विचारायला भारताने पुढे यावे, कारण जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आपणच आहोत. तोपर्यंत, ज्या दिवशी दिल्लीत साखरेच्या निर्यातीचा किंवा तुरीच्या शुल्काचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जाईल, त्या दिवशी त्याच्या टिपणीत परकीय चलन आणि भाववाढ या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना असावा: या निर्णयाने कोणत्या खोऱ्यातले किती पाणी जाईल. धाराशिवच्या लोकप्रतिनिधींनी, बाजार समित्यांनी आणि शेतकरी संघटनांनी हा रकाना मागितला पाहिजे. उसाच्या दरासाठी इथे अनेक आंदोलने झाली, आणि रास्तच झाली. तुरीच्या शुल्कासाठीही तेवढाच आवाज उठला, तर पाण्यासाठीचे ते या जिल्ह्यातले सर्वांत परिणामकारक आंदोलन ठरेल.